लोकहिताचा मार्ग आणि न फिटणारे ऋण

महानगरात रेल्वेचे जाळे विणणे हे वरवर पाहता स्थापत्यशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे काम वाटते. मार्ग कुठून न्यायचा, स्थानके किती अंतरावर ठेवायची, खर्च किती वर्षांत वसूल होईल, या प्रश्नांची उत्तरे आकडेमोडीने मिळतात आणि ती तशीच मिळावीत, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु दाट वस्तीच्या शहरात मोकळी जमीन शिल्लक नसते. प्रत्येक नवा मार्ग कोणाच्या तरी घराखालून, झाडांमधून किंवा देवस्थानाजवळून जातो, आणि त्या मार्गाचा लाभ ज्यांना होणार ते लोक व त्यासाठी ज्यांच्याकडून काही हिरावले जाणार ते लोक बहुधा वेगवेगळे असतात. त्यामुळे आखणीच्या नकाशावर एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो: बहुतांच्या हितासाठी थोड्यांकडून काही घ्यावे लागले, आणि जे घेतले त्याचे मोल पैशात होऊच शकत नसले, तर भरपाई चुकती केल्यावर घेणाऱ्याचे कर्तव्य संपते का? मुंबईच्या पहिल्या भुयारी मेट्रोच्या उभारणीत हा प्रश्न दोन टोकांना दोन रूपांत पुढे आला, आणि दोन्ही ठिकाणी न्यायालयीन निकाल लागल्यावरही तो सुटला असे म्हणता येत नाही.

मराठीत या प्रश्नाचा सैद्धांतिक पाया लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'त सापडतो, आणि विशेष म्हणजे तिथे दिलेल्या उदाहरणांपैकी एक ट्रामचे आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणात टिळक आधिभौतिक सुखवादाची, म्हणजे कर्माची योग्यता त्यातून किती लोकांना किती सुख मिळते यावरून ठरवणाऱ्या मताची, तपासणी करतात. अमेरिकेतील एका मोठ्या शहराला ट्रामची गरज होती. सरकारी मंजुरी मिळायला उशीर होऊ लागला, तेव्हा कंपनीच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन ती मिळवली, ट्राम सुरू झाली आणि लोकांची सोय झाली. पुढे लाचेचे प्रकरण बाहेर आले, खटला झाला आणि शेवटी व्यवस्थापक दोषी ठरला. टिळकांचा मुद्दा असा, की पुष्कळांचे पुष्कळ सुख हीच एकमेव कसोटी असती तर त्या माणसाला दोष देण्याचे कारण उरले नसते, कारण ट्राम स्वस्त होती आणि लोक सुखी झाले होते. ज्या अर्थी दोष दिला गेला, त्या अर्थी नीतीची कसोटी बाह्य परिणामात नसून कर्त्याच्या बुद्धीत, म्हणजे ज्या हेतूने आणि वृत्तीने त्याने कर्म केले त्या वृत्तीत, शोधावी लागते.

टिळकांच्या मुंबईकर वाचकांना ट्राम परकी नव्हती. १८७४ मध्ये घोड्यांच्या ट्रामने सुरू झालेली आणि १९०७ पासून विजेवर चाललेली ही सेवा १९६४ पर्यंत शहरात होती. रस्त्याच्या पातळीवर किंवा स्वतंत्र पट्ट्यातून धावणारी, थोड्या डब्यांची आणि जवळजवळ स्थानके असलेली जी वाहतूक आज लाइट रेल म्हणून ओळखली जाते, ती या ट्रामचीच वंशज. तर मेट्रो म्हणजे उन्नत किंवा भुयारी मार्गावरून, इतर रहदारीला कुठेही न छेदता जाणारी अधिक क्षमतेची रेल्वे. दोन्हींत फरक तंत्राचा आणि क्षमतेचा आहे. शहराच्या पोटातून मार्ग काढण्याचा नैतिक प्रश्न दोन्हींना सारखाच लागू आहे.

तथापि टिळकांचे उत्तर जिथे थांबते, तिथेच प्रस्तुत प्रश्न सुरू होतो. त्यांच्या उदाहरणात कर्त्याची बुद्धी अशुद्ध होती, म्हणून दोष कुठे ठेवायचा हे ठरवणे सोपे गेले. पण कर्त्याची बुद्धी शुद्ध आहे, कोणी लाच दिलेली नाही, हिशेबही बरोबर आहे, पर्यायांची छाननी झाली आहे, आणि तरीही जे कोणाकडून घेतले जाणार आहे ते परत देता येण्याजोगे नाही, अशी परिस्थिती कल्पिली तर काय म्हणायचे? परिणामवादी म्हणेल की बेरीज-वजाबाकीत लाभ जास्त, तेव्हा प्रश्न मिटला. हेतूवर भर देणारा म्हणेल की कर्ता निःस्वार्थ, तेव्हा तो निर्दोष. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते, आणि तरीही ज्याचे गेले त्याच्या तक्रारीला दोघांपैकी कोणीच उत्तर दिलेले नसते.

कुलाबा–वांद्रे–सीप्झ या नावाने आखलेली मेट्रो-३ ही साडेतेहतीस किलोमीटर लांबीची मार्गिका कफ परेडपासून आरेपर्यंत जाते. तिच्यावरील २७ स्थानकांपैकी २६ भुयारी आहेत, आणि ती ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या काळात तीन टप्प्यांत प्रवाशांसाठी खुली झाली. तिच्या दक्षिणेकडच्या भागात धोबीतलाव-प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरात पारशी समाजाचे दोन आतश बेहराम आहेत: १८३० मध्ये प्रतिष्ठापना झालेला वाडियाजी आतश बेहराम आणि १८९७ मधला अंजुमन आतश बेहराम. भुयाराची मूळ आखणी या वास्तूंच्या आवाराखालून जात असल्यामुळे समाजातील काही श्रद्धावंतांनी २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली.

त्यांचा आक्षेप समजून घ्यायचा तर आतश बेहराम म्हणजे काय हे आधी पाहिले पाहिजे. सर्वसाधारण मराठी बोलण्यात पारशांच्या सगळ्याच अग्निमंदिरांना अग्यारी म्हटले जाते, परंतु जरथुश्त्री धर्मात पवित्र अग्नीच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्यांतली सर्वोच्च आतश बेहरामची आहे. भारतात असे आठच अग्नी आहेत, त्यांपैकी चार मुंबईत. हा अग्नी एका ठिणगीतून पेटवला जात नाही. कुंभार, लोहार, सोनार, भटारी अशा निरनिराळ्या व्यावसायिकांच्या भट्ट्यांतून, आकाशातून पडलेल्या विजेतून, इतकेच नव्हे तर जळत्या चितेतूनही असे सोळा प्रकारचे अग्नी गोळा केले जातात. मग प्रत्येकाची शुद्धी होते. ज्वाळेच्या वर, तिला न टेकवता, चंदनाचा भुसा ठेवलेली छिद्रांची पळी धरली जाते; केवळ धगीने तो भुसा पेटला की नवा अग्नी जन्मतो, त्याच्यावर पुन्हा तशीच पळी धरली जाते, आणि चितेच्या अग्नीच्या बाबतीत ही क्रिया एक्याण्णव वेळा करावी लागते. अशा सोळा शुद्ध अग्नींच्या मीलनातून जो अग्नी सिंहासनावर बसतो त्याला राजासारखा मान असतो, आणि दिवसाच्या पाच प्रहरांत पाच वेळा त्याला लाकूड अर्पण करण्याचा विधी पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालतो. ज्या समाजाची संख्या घटत चालली आहे, त्याच्यासाठी अखंडतेचा हा अर्थ आणखी गडद असणे स्वाभाविक आहे.

याचिकाकर्त्यांचे म्हणणे दोन पातळ्यांवर होते. एक, खोदकामाच्या हादऱ्यांनी जुन्या वास्तूंना आणि विधीसाठी लागणाऱ्या विहिरीच्या पाण्याला धोका पोचेल. दोन, हा अग्नी भूमीशी आध्यात्मिक प्रवाहांनी जोडलेला असून त्याच्या खालून भुयार गेले तर तो संबंध तुटेल आणि अग्नीचे पावित्र्य भंगेल. समाजात याबाबत एकवाक्यता नव्हती. न्यायालयाने काही महिने या भागातील काम रोखून धरले, भुयाराची रेषा काही मीटर बाजूला सरकवण्यात आली, हादऱ्यांवर देखरेखीची अट आली, आणि २०१८ च्या अखेरीस कामाला परवानगी मिळाली. आज गाड्या त्या परिसराखालून धावतात आणि अग्नीचे पाच वेळचे विधीही चालू आहेत.

या वादातली तात्त्विक गुंतागुंत निकालापेक्षा मांडणीत अधिक आहे. पहिला दावा भौतिक होता: हादरा किती मिलिमीटर, पाण्याची पातळी किती, हे उपकरणांनी मोजता येते आणि मोजलेही पाहिजे. दुसरा दावा अर्थाचा होता: ज्या भूमीवर हा अग्नी विराजमान आहे ती इतर भूमीसारखी नाही. पण अर्थाचा दावा न्यायालयात सहसा टिकत नाही, म्हणून तोही चुंबकीय वलये आणि प्रवाह अशा भौतिकीच्या भाषेत मांडला गेला, आणि त्या भाषेत मांडल्याबरोबर तो दुबळा झाला, कारण भौतिकीच्या कसोटीवर तो सिद्ध होण्याची शक्यताच नव्हती. पावित्र्य हा पदार्थाचा गुण नसून माणसांनी त्या पदार्थाशी जोडलेल्या बांधिलकीचा गुण आहे, असे मानले तर वलये आहेत की नाहीत हा प्रश्न गौण ठरतो. दोनशे वर्षे एका समाजाने त्या जागेशी राखलेले नाते हे मात्र कोणत्याही अवैज्ञानिक गृहीतकाशिवाय खरे असते. भारतीय संविधानाची कलमे २५ आणि २६ धर्मस्वातंत्र्य देतात, आणि १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यापासून न्यायालये एखादी प्रथा त्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का हे तपासत आली आहेत. या चौकटीत 'अत्यावश्यक नाही' असा निष्कर्ष निघाला की संरक्षण उरत नाही. मात्र एखादी गोष्ट अत्यावश्यक नसूनही अमोल असू शकते, ही शक्यता त्या चौकटीत बसत नाही.

मार्गिकेच्या उत्तर टोकाला हाच प्रश्न वेगळ्या वेषात आला. गाड्या उभ्या करण्यासाठी आणि त्यांच्या देखभालीसाठी लागणारी कारशेड आरे वसाहतीत बांधण्याचे ठरले. त्यासाठी २,१८५ झाडे तोडण्यास आणि ४६१ झाडांचे स्थलांतर करण्यास मंजुरी मिळाली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे'चा आदेश दिला तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. त्यानंतर एका सरकारने कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचा निर्णय घेतला, पुढच्या सरकारने २०२२ मध्ये ती पुन्हा आरेत आणली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, परवानगीपेक्षा अधिक झाडांसाठी परस्पर वृक्ष प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल, मेट्रो महामंडळाला दहा लाख रुपये दंड भरायला लावून उरलेली झाडे हटवण्यास मात्र मंजुरी दिली.

या सगळ्या काळात वाद बहुतांशी दोनच मुद्द्यांवर झाला: आरे कायद्याने 'वन' ठरते की नाही, आणि कार्बनच्या हिशेबात मेट्रोमुळे होणारी बचत तोडलेल्या झाडांच्या तोट्यापेक्षा किती मोठी आहे. दोन्ही मुद्दे महत्त्वाचे होते. पण आरेच्या पाड्यांवर राहणाऱ्या वारली आणि इतर आदिवासी कुटुंबांसाठी ती जमीन वाघोबाचीही आहे. बिबट्यांसह एकाच रानात पिढ्या काढलेल्या या लोकांनी वाघोबाला देव मानले, त्याची स्थाने झाडाखाली किंवा दगडावर राखली, आणि त्या पूजेतून माणसाने कुठवर जावे व जनावराला कुठे वाट द्यावी याची एक मर्यादा सांभाळली. कार्बनच्या कोष्टकात झाडाच्या जागी झाड बसते, एकाच्या बदल्यात अनेक रोपे दुसरीकडे लावली की जमाखर्च जुळतो. मात्र अमुक रानातल्या अमुक झाडाखालच्या देवाच्या बदल्यात दुसऱ्या गावच्या रोपवाटिकेतले काय जमा धरायचे, याला त्या कोष्टकात रकानाच नाही. पारशी श्रद्धावंताला आपली श्रद्धा चुंबकत्वाच्या भाषेत सांगावी लागली, तशी आदिवासी रहिवाशाला आपली श्रद्धा वनकायद्याच्या आणि प्राणवायूच्या भाषेत सांगावी लागली.

भरपाईच्या कल्पनेत विनिमयाचे गृहीतक दडलेले असते: जे घेतले त्याच्या बरोबरीचे काही देता येते. बहुतेक वस्तूंच्या बाबतीत हे खरेच असते, आणि नसते तर कोणतेही सार्वजनिक काम होऊ शकले नसते. तथापि खुद्द कायद्यालाही हे गृहीतक पुरेसे वाटलेले नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीच्या बाजारभावावर पंधरा टक्के जादा रक्कम देण्याची तरतूद होती. सक्तीने जमीन गेल्याबद्दलची ही दिलासा रक्कम १९८४ मध्ये तीस टक्के झाली आणि २०१३ च्या नव्या कायद्यात शंभर टक्क्यांवर गेली. बाजारभावात सगळी किंमत आली असती तर दिलाशाचे कारण काय? मनाविरुद्ध घेतलेल्या वस्तूत भावाने न मोजले जाणारे काहीतरी असते, याची ती कायद्याने दिलेली कबुली आहे. मात्र कबुली दिल्यावर कायदा तिचेही टक्क्यांत रूपांतर करतो, कारण त्याच्या हाती दुसरे साधन नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९६५ च्या एका निबंधात या उरलेल्या भागाकडे लक्ष वेधले. दोन कर्तव्यांत विरोध आला आणि त्यांतले एक योग्य रीतीने निवडले, तरी न पाळलेले दुसरे कर्तव्य नाहीसे होत नाही. ते खेदाच्या किंवा देण्याच्या रूपाने मागे राहते. याला नैतिक शेष म्हणता येईल. दोन विधाने परस्परविरोधी असतील तर त्यांतले एक खोटे असलेच पाहिजे, पण दोन कर्तव्ये परस्परविरोधी असली म्हणून त्यांतले एक खोटे ठरत नाही, हा या विचाराचा गाभा. भारतीय परंपरेला ही कल्पना अपरिचित नाही. महाभारतात युद्ध न्याय्य होते असे म्हणणाऱ्या सर्वांच्या साक्षीने जिंकूनही युधिष्ठिराला शोक आवरत नाही आणि अखेर पापक्षालनासाठी अश्वमेध करावा लागतो. तिथे प्रायश्चित्त हे चूक झाल्याचा पुरावा नसून, योग्य कर्मानेही काही देणे मागे ठेवले याची नोंद आहे.

नगररचनेच्या संदर्भात महाभारतातली सर्वांत बोलकी कथा खांडववनाच्या दहनाची आहे. पांडवांच्या वाट्याला आलेल्या प्रदेशातले वन अग्नीला अर्पण केले जाते, कृष्ण आणि अर्जुन कोणत्याही जीवाला बाहेर पडू देत नाहीत, आणि त्या आगीतून जीव वाचलेल्या मयासुराकडूनच पुढे पांडवांची राजसभा बांधून घेतली जाते. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मधील 'मयसभा' या लेखात या प्रसंगाकडे वैभवाच्या आरंभापेक्षा त्यामागील संहाराच्या बाजूने पाहिले. कथेने स्वतःही हिशेब मिटलेला दाखवलेला नाही: आगीतून निसटलेला नागपुत्र अश्वसेन कर्णाच्या बाणावर बसून अर्जुनाच्या वधासाठी परततो, आणि त्या वेळी घरी नसल्यामुळे वाचलेला तक्षक अर्जुनाच्या नातवाचा, परीक्षिताचा, बळी घेतो. कथाकार असे सुचवत नाही की नगर वसवायला नको होते. तो एवढेच सांगतो की ज्यांना विचारले गेले नाही ते इतिहासातून पुसले जात नाहीत.

विचारणे म्हणजे नेमके काय, याचे एक सूक्ष्म चित्र सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त मिळते. देवमूर्तीसाठी लाकूड आणण्यापूर्वी काय करावे हे सांगणाऱ्या वनसंप्रवेशाच्या अध्यायात निवडलेल्या वृक्षाची रात्री पूजा करण्यास सांगितले आहे. त्याला नैवेद्य दाखवून, त्याच्यात वस्तीला असलेल्या भूतांना हा बळी स्वीकारून दुसरीकडे निवास करावा अशी विनंती करायची, आणि मग पहाटे वृक्षावर पाणी शिंपडून, मध आणि तूप लावलेल्या कुऱ्हाडीने ईशान्येकडून पहिला घाव घालायचा. इथे काम देवाचेच आहे, म्हणजे हेतूच्या शुद्धतेबद्दल शंकाच नाही. तरीही तोडणाऱ्याला एक रात्र थांबावे लागते आणि ज्याला हलवायचे त्याला उद्देशून बोलावे लागते. याज्ञवल्क्यस्मृतीत झाडाची फांदी, खोड आणि अख्खे झाड तोडल्याबद्दल चढत्या क्रमाने दंड सांगून चैत्य, स्मशान, सीमा आणि देवालय येथील वृक्षांसाठी तो दुप्पट केला आहे. म्हणजे झाडाची किंमत जातीपुरती न धरता जागेच्या अर्थानुसारही बदलते, हे दंडशास्त्राला मान्य होते.

आजच्या सार्वजनिक कामांतून विधी हद्दपार झालेले नाहीत. भूमिपूजन होते, नारळ फुटतो, आणि मेट्रो-३ च्या भुयारासाठी आणलेल्या महाकाय खोदयंत्रांना वैतरणा, सूर्या, गोदावरी, कृष्णा अशी नद्यांची नावेही दिली गेली. पण या विधींचा रोख कर्त्याच्या यशाकडे असतो: काम निर्विघ्न पार पडावे, कामगाराला इजा होऊ नये. तो रोख रास्तच आहे. वराहमिहिराच्या विधीचा रोख मात्र ज्याचे जाणार आहे त्याच्याकडे आहे, आणि हा फरक धर्माच्या दृष्टीने निर्णायक आहे. निकालानंतर काही तासांत, रात्रीच्या अंधारात झालेली वृक्षतोड कायद्याने मान्य असेल, त्यामागील हेतूही लोकहिताचा असेल. त्या रात्री गहाळ झाले ते हे थांबणे आणि हे विचारणे.

या भूमिकेवर दोन गंभीर आक्षेप येतात. पहिला असा, की न बांधण्यालाही शेष असतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेतून दररोज सत्तर लाखांहून अधिक प्रवास होतात. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात. आणि रूळ ओलांडताना किंवा गाडीतून पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. दिवा स्थानकात गाडीच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाच्या जिवाची भरपाईही होऊ शकत नाही, आणि त्याच्या बाजूने कोणी पुजारी किंवा पाड्यावरचा रहिवासी न्यायालयात उभा राहत नाही. दुसरा आक्षेप असा, की पावित्र्याचा मान राखण्याची किंमत बहुधा दुबळ्यांनाच मोजावी लागते. जेरुसलेममध्ये २०११ पासून धावणारी लाइट रेल शुक्रवारच्या दुपारपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत, म्हणजे यहुदी धर्माच्या साप्ताहिक विश्रांतीच्या शब्बाथच्या काळात, बंद असते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या तेल अवीवच्या लाइट रेलचेही तसेच, आणि तिथे उद्‌घाटनाच्या वेळीच त्याविरुद्ध निदर्शने झाली. ज्याच्याकडे मोटार आहे त्याचे शनिवारी काही अडत नाही. अडते ते नसणाऱ्याचे, मग तो श्रद्धावंत असो वा नसो.

हे आक्षेप शेषाची कल्पना खोडून काढत नाहीत. उलट ती सर्व बाजूंना लागू करायला लावतात. पवित्र वस्तू असणाऱ्याला नकाराधिकार द्यावा असा या विचाराचा अर्थ नाही. नकाराधिकार दिला तर शेष नुसता एका खांद्यावरून दुसऱ्यावर जातो. त्याचा अर्थ असा, की निर्णय कोणताही झाला तरी तो घेणाऱ्याने मागे काय उरले हे स्वतःच्या नावावर लिहून घ्यावे, आणि त्या नोंदीचा कामावर दिसेल असा परिणाम व्हावा. परिणाम न होणारी खंत ही केवळ सभ्यता असते, आणि विधी असून वागणूक न बदलणे हे भारतीय परंपरेनेच दांभिकपणा म्हणून नाकारलेले आहे.

हा परिणाम कसा दिसू शकतो याची उदाहरणे उपलब्ध आहेत. धोबीतलावला भुयाराची रेषा काही मीटर सरकली. ते अंतर थोडे असेल, पण ज्याचा दावा यंत्राने मोजता येत नव्हता त्याच्यासाठी यंत्राची वाट बदलली गेली, हे तत्त्वतः लहान नाही. गिरगाव-काळबादेवीत स्थानकांसाठी ज्यांच्या चाळी पाडाव्या लागल्या, त्या शेकडो कुटुंबांना उपनगरात न पाठवता त्याच वस्तीत नव्या इमारतींत घरे देण्याची योजना आखली गेली. घराच्या चौरस फुटांखेरीज शेजाराचेही मोल असते हे त्यात मान्य झाले. आणखी पुढचे पाऊल रेल्वेशी संबंध नसलेल्या एका प्रकरणात पडले. ओडिशातील नियमगिरी डोंगरात बॉक्साइटची खाण काढण्याच्या प्रस्तावावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, डोंगरिया कोंध आदिवासींचा नियमराजा या देवतेशी असलेला संबंध खाणीने बाधित होतो का, हे ठरवण्याचे काम तेथील ग्रामसभांवर सोपवले, आणि बाराही ग्रामसभांनी प्रस्ताव नाकारला. अर्थाचा दावा तिथे भौतिकीच्या भाषेत सांगावा लागला नाही; ज्यांच्यासाठी त्या डोंगराला अर्थ होता त्यांनाच तो सांगू दिला गेला. महानगरात बाधित आणि लाभार्थी एकमेकांत मिसळलेले असल्यामुळे ही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही, परंतु वॉर्डाच्या पातळीवर, आखणी कागदावर असतानाच आणि पर्याय खुले असतानाच, असे ऐकणे अशक्य नाही. आखणी गोठल्यावर घेतलेल्या जनसुनावणीत बाधिताला बोलण्याची संधी मिळते, त्याच्या बोलण्याने काही बदलण्याची मिळत नाही.

टिळकांनी ट्रामच्या उदाहरणातून बाहेरच्या सुखाकडून आतल्या बुद्धीकडे नेलेला विचार यामुळे आणखी एक पाऊल पुढे जातो. शुद्ध बुद्धी म्हणजे निःस्वार्थ हेतू एवढेच मानले तर लोकहिताचे काम करणारा स्वतःला ऋणमुक्त समजू लागतो, आणि हेतू जितका थोर तितकी ज्यांचे गेले त्यांच्याबद्दलची बेफिकिरी वाढण्याचा धोका असतो, कारण थोर कामाच्या आड येणारा सहजच क्षुद्र ठरवला जातो. लोकसंग्रह, म्हणजे लोकांना धरून ठेवून समाजाची घडी टिकवणे, हे गीतेने सांगितलेले कर्मयोग्याचे ध्येय खरे मानायचे असेल, तर ज्यांचा अग्नी, ज्यांचे रान किंवा ज्यांची चाळ मार्गात आली तेही त्या लोकांतच मोडतात. मुंबईत मेट्रोच्या आणखी मार्गिका होत आहेत, पुणे आणि नागपूर येथील जाळी वाढत आहेत, आणि त्या व्हायला हव्यात. प्रत्येक नव्या मार्गिकेच्या प्रकल्प अहवालात खर्च, प्रवासी आणि कार्बन यांचे तक्ते असतात. त्यांच्याशेजारी आणखी एक प्रकरण असावे, ज्यात कोणत्या गोष्टींची भरपाई होऊ शकत नाही, त्या कोणाच्या आहेत, त्यांना कधी विचारले गेले आणि त्यांच्यासाठी आखणीत काय बदलले, हे स्पष्ट लिहिलेले असेल. असे प्रकरण लिहिणाऱ्या यंत्रणेला काही ठिकाणी काम थांबवावे लागेल, काही ठिकाणी वळवावे लागेल, आणि बऱ्याच ठिकाणी ते जसेच्या तसे पुढे न्यावे लागेल. मात्र या तिसऱ्या प्रकारच्या ठिकाणी आपण केवळ योग्य ठरलो नसून देणेदारही राहिलो आहोत, हे तिला नाकारता येणार नाही.